नॉर्मल बाळंतपणाचे धोकेही सांगा: महाराष्ट्रातल्या प्रसूतितज्ज्ञांना खुले पत्र

आदरणीय डॉक्टर मंडळी,

सप्रेम नमस्कार.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझं क्लिनिक आहे. गुडघा, कंबर, मान ही नेहमीची दुखणी असतातच, पण अलीकडे माझ्याकडे बाळंतपण झालेल्या बायका बऱ्याच येतात. येताना कंबरदुखी सांगत येतात. सोबतच्या सासूबाईंना बाहेर बसवलं, पडदा ओढला, की मग खरं दुखणं निघतं. शिंक आली की लघवी होते. हंडा उचलला की खाली काहीतरी उतरल्यासारखं वाटतं. नवऱ्याजवळ जायची भीती वाटते. ‘हे कधीपासून?’ असं विचारलं तर उत्तर ठरलेलं: ‘बाळंतपणापासून. पण ते व्हायचंच ना मॅडम?’

एकीची गोष्ट सांगते. ती ओळखू येऊ नये म्हणून तपशील बदलले आहेत. प्राथमिक शाळेत शिक्षिका, मूल चार वर्षांचं. तिला वायू रोखता येत नव्हता आणि शौचाची भावना झाली की पळावं लागत होतं. त्यामुळे तिने पुण्याला एसटीने जाणं सोडलं होतं, शाळेत दुपारचा डबा खाणं सोडलं होतं. प्रार्थनेला मुलांसमोर उभं राहायची वेळ आली की ती काहीतरी निमित्त काढून वर्गात थांबायची. तिची जुनी फाईल मी पाहिली. डिस्चार्ज कार्डावर ‘एफटीएनडी’, म्हणजे दिवस भरून झालेली नॉर्मल प्रसूती, खाली बाळाचं वजन साडेतीन किलोच्या वर, कप लावून (बाळाच्या डोक्याला व्हॅक्यूमचा कप लावून ओढून) प्रसूती, ‘टाके घातले’, आणि लोहाच्या गोळ्या. टाके कुठपर्यंत होते, गुदद्वाराचा स्नायू फाटला होता की नाही, याबद्दल एक अक्षर नाही. तिला विचारलं तर म्हणाली, ‘डॉक्टर म्हणाले, सगळं छान झालं, नॉर्मल झाली.’ ती मनापासून त्या डॉक्टरांचे आभार मानते, आणि मलाही त्यांच्यावर बोट ठेवायचं नाही. बाळ अडलं होतं, ते जिवंत आणि धडधाकट हातात आलं, ही लहान गोष्ट नाही. पण आईच्या शरीराचं काय झालं ते आईला कुणीच सांगितलं नाही. आधी नाही आणि नंतरही नाही.

या पत्राचं कारण तेच. सिझर करायचं ठरलं की तुम्ही सही घेता, भूल, रक्तस्राव, जंतुसंसर्ग असे धोके निदान कागदावर तरी लिहिलेले असतात. योनीमार्गे प्रसूती होणार असेल तर मात्र बाईला काहीच सांगितलं जात नाही, कारण ती ‘आपोआप होणारी’ गोष्ट. माझी मागणी एवढीच आहे की दोन्ही वाटांचे फायदे आणि धोके गर्भवतीला कळा सुरू होण्याच्या बऱ्याच आधी, मराठीत, तिच्या स्वतःच्या प्रकृतीला धरून सांगावेत.

मला सिझरची वकिली करायची आहे असा समज कुणी करून घेऊ नये. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे आकडे तुम्हाला पाठ असतील. 2015-16 मध्ये महाराष्ट्रात सिझरचं प्रमाण 20 टक्क्यांच्या आसपास होतं, 2019-21 मध्ये ते 25.4 टक्के झालं. देशभरात सरकारी दवाखान्यांत 14.3 टक्के आणि खाजगीत 47.4 टक्के. एकाच देशातल्या बायकांची हाडं आणि बाळं दाराच्या पाटीनुसार इतकी बदलत नाहीत. मुहूर्त बघून केलेलं सिझर, रविवार टाळण्यासाठी केलेलं सिझर, ‘पाणी कमी आहे’ एवढ्या एका वाक्यावर केलेलं सिझर, हे सगळं आपल्या अवतीभवती आहे आणि त्याबद्दलची लोकांची चीड रास्त आहे.

आणि योनीमार्गे प्रसूतीचे फायदे खरेच मोठे आहेत. पोट फाडावं लागत नाही, बाई त्याच दिवशी उठून बसते, बाळाला लवकर छातीशी घेता येतं. सरकारच्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात बाळंतिणीला मोफत आहार द्यायचा तो नॉर्मल झाल्यास तीन दिवस आणि सिझर झाल्यास सात दिवस, यातच दोन्हींतला फरक दिसतो. कळांमधून आलेल्या बाळाला पहिल्या तासांत श्वासाचा त्रास कमी होतो. कळा न येता, 39 आठवड्यांच्या आधी ठरवून काढलेल्या बाळांत तो जास्त दिसतो. शेतावर, ऊसतोडीला किंवा रोजंदारीला परत जाणाऱ्या बाईला लवकर सावरणं म्हणजे घर चालणं.

सगळ्यात मोठा फायदा पुढच्या बाळंतपणांचा आहे, आणि नेमका तोच सांगितला जात नाही. सिझरच्या व्रणावर पुढच्या खेपेला वार (प्लासेंटा) चिकटून बसण्याचा धोका प्रत्येक सिझरगणिक वाढतो. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकन अभ्यासात वार खाली, म्हणजे गर्भाशयाच्या तोंडावर आलेल्या बायका पाहिल्या. पहिल्याच सिझरच्या वेळी त्यांच्यातल्या सुमारे 3 टक्क्यांत वार स्नायूत रुतलेली होती, दुसऱ्या सिझरला 11 टक्क्यांत, तिसऱ्याला 40 टक्क्यांत, चौथ्याला 61 टक्क्यांत. अशा वेळी गर्भपिशवी काढावी लागते, रक्ताच्या बाटल्यांमागून बाटल्या लागतात. तालुक्याच्या गावी एवढं रक्त रात्री मिळवताना काय होतं ते माझ्यापेक्षा तुम्हाला चांगलं ठाऊक आहे. ज्या घरात अजून दोन मुलं हवी आहेत, त्या घरातल्या एकविसाव्या वर्षी पहिलटकरीण झालेल्या मुलीसाठी हे गणित फार महत्त्वाचं आहे. अडतिसाव्या वर्षी एकच मूल हवं असलेल्या बाईसाठी ते तितकं नाही. दोघींना एकच सल्ला देऊन कसं चालेल?

आता दुसरी बाजू, माझ्या टेबलावर रोज येणारी. ब्रिटनमधल्या प्रसूतितज्ज्ञांचं रॉयल कॉलेज बायकांसाठी साध्या भाषेत माहितीपत्रकं काढतं. त्यांत सरळ लिहिलेलं आहे की पहिल्यांदा योनीमार्गे बाळंत होणाऱ्या दहांतल्या नऊ जणींना थोडीफार तरी जखम होते. बहुतेक जखमा भरून येतात. पण पहिल्या खेपेच्या शंभरांतल्या सुमारे सहा जणींत जखम गुदद्वाराच्या स्नायूपर्यंत जाते. ज्यांचं आधी योनीमार्गे बाळंतपण झालेलं आहे त्यांच्यात हे प्रमाण दोन टक्क्यांहून कमी. चिमटा (फोर्सेप्स) लावला तर शक्यता वाढते, बाळ मोठं असलं तर वाढते, ढकलण्याचा टप्पा फार लांबला तर वाढते. ब्रिटनमधल्या पाहण्यांत दक्षिण आशियाई वंशाच्या बायकांत ती अधिक आढळली आहे. म्हणजे आपल्याच लेकीसुनांत.

बाळालाही धोके असतात. साधारण दीडशेत एकदा डोकं बाहेर येतं आणि खांदा अडकतो. बहुतेकदा तुमच्या हाताच्या कसबाने बाळ सुटतं, क्वचित हाताच्या नसा ताणल्या जातात, त्याहून क्वचित प्राणवायू कमी पडून मेंदूला इजा होते. आईला रक्तस्राव होतो. आणि तासन्‌तास कळा देऊन, पिशवीचं तोंड पूर्ण उघडल्यावर करावं लागलेलं तातडीचं सिझर हे ठरवून केलेल्या सिझरपेक्षा अवघड असतं. कळांची वाट धरणाऱ्या बाईच्या हिशोबात ही शक्यताही आली पाहिजे, कारण ‘नॉर्मल की सिझर’ अशी निवड करताना तिसरी शक्यता तिच्या डोळ्यांसमोर नसते.

2018 साली योनीमार्गे आणि सिझर या दोन्ही प्रसूतींच्या दूरच्या परिणामांचा एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. सिझर झालेल्यांत लघवी गळण्याची आणि अंग बाहेर येण्याची शक्यता कमी दिसली. पुढच्या खेपेला वारेच्या आणि पिशवी फाटण्याच्या तक्रारी जास्त दिसल्या. मुलांत दम्याचं प्रमाण थोडं अधिक दिसलं. तराजूची दोन्ही पारडी भरलेली आहेत. कुठलं जड, हे ज्या बाईचं शरीर आहे तिने ठरवायचं, आणि त्यासाठी दोन्ही पारड्यांत काय आहे ते तिला दिसायला हवं.

ओटीपोटाच्या तळाचे स्नायू नुसत्या गर्भारपणातल्या वजनानेही सैल होतात, त्यामुळे सिझर झालं म्हणजे सुटका झाली असंही नाही. माझ्याकडे सिझर झालेल्या बायकाही लघवीची तक्रार घेऊन येतात. पण त्यांची संख्या कमी असते.

‘असले आकडे सांगितले तर बायका घाबरतील, सगळ्या सिझरच मागतील,’ असं तुमच्यापैकी काहींनी मला तोंडावर म्हटलं आहे. हेच उत्तर स्कॉटलंडमधल्या एका डॉक्टरांनी न्यायालयात दिलं होतं. नदीन माँटगोमेरी या बाईंना मधुमेह होता, उंची कमी होती. मधुमेही मातांच्या बाळाचा खांदा अडकण्याची शक्यता 9 ते 10 टक्के असते हे डॉक्टरांना ठाऊक होतं, पण त्यांनी सांगितलं नाही. नदीन यांनी बाळ मोठं असल्याची काळजी अनेकदा बोलून दाखवली होती. 1 ऑक्टोबर 1999 रोजी मुलगा झाला. डोकं आल्यावर खांदा अडकला आणि बारा मिनिटं तसाच राहिला. मुलगा कायमचा अपंग झाला. खालच्या न्यायालयांत त्या हरल्या. मग 11 मार्च 2015 रोजी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि साडेबावन्न लाख पौंडांची भरपाई मिळाली. न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं, की डॉक्टरांना काय सांगण्याजोगं वाटतं यावर हे ठरत नाही; त्या जागी असलेल्या बाईला जे महत्त्वाचं वाटेल ते तिला सांगायला हवं. तो खटला कुठल्या ऑपरेशनचा नव्हता, योनीमार्गे प्रसूतीचा होता.

आपल्याकडे 2008 सालच्या समीरा कोहली निकालात सर्वोच्च न्यायालयाने उपचाराचं स्वरूप, फायदे, पर्याय आणि मोठे धोके सांगूनच संमती घ्यावी असं म्हटलेलं आहे. तो निकाल वेगळ्या शस्त्रक्रियेबद्दलचा होता. पण बाळंतपणाच्या खोलीत शिरताना बाईचा तो हक्क दाराबाहेर राहतो असं कुठे म्हटलेलं नाही.

आणखी एक उदाहरण ब्रिटनचंच, आणि ते सिझरविरोधी मोहिमा चालवणाऱ्यांनी जरूर वाचावं. श्रूजबरी आणि टेलफर्ड इथल्या सरकारी रुग्णालयांची चौकशी डोना ऑकेंडेन या सुईण-तज्ज्ञांच्या अध्यक्षतेखाली झाली, अहवाल मार्च 2022 मध्ये आला. सिझरचं प्रमाण कमी राखण्याचा तिथे अभिमान होता. बायकांनी सिझर मागितलं तरी नाकारलं जाई. चांगली काळजी घेतली असती तर दोनशेहून अधिक बाळं कदाचित वाचली असती, असा निष्कर्ष निघाला. त्याच सुमारास तिथल्या आरोग्यसेवेने रुग्णालयांची कामगिरी सिझरच्या एकूण टक्केवारीवर मोजणं बंद करायला सांगितलं. जागतिक आरोग्य संघटनेचं 2015 सालचं निवेदनही नीट वाचलं तर हेच सांगतं. लोकसंख्येचा विचार करता 10 टक्क्यांच्या पुढे सिझर वाढल्याने माता-बालमृत्यू आणखी घटताना दिसत नाहीत; पण ठराविक टक्केवारी गाठण्यापेक्षा गरज असलेल्या प्रत्येक बाईला सिझर मिळेल हे बघा. आपल्याकडे पहिलं वाक्य भाषणांत येतं, दुसरं गळून जातं. मेळघाटात किंवा अक्कलकुव्याच्या डोंगरात वेळेवर सिझर न मिळणाऱ्या बाईला शहरातल्या टक्केवारीचा काय उपयोग?

तुमच्या अडचणी मला दिसत नाहीत असं नाही. तालुक्याच्या गावी नवरा-बायको दोघंच डॉक्टर, रात्री एक नर्स, भूलतज्ज्ञ पंचवीस किलोमीटरवरून येणार. कळा चौदा तास चालल्या तर त्या चौदा तासांचे पैसे कुणी देत नाही. काही वाईट झालं तर शंभर माणसं दारात उभी राहतात आणि काचा फुटतात. अशा वेळी संध्याकाळी सात वाजता, भूलतज्ज्ञ हाताशी असताना सिझर करून टाकावं असं वाटलं तर मी त्याला नुसता लोभ म्हणणार नाही. महाराष्ट्राचा मातामृत्यू दर 2018-20 मध्ये लाखात 33 होता, देशाचा 97. हा फरक तुमच्या जागरणांतूनच आलेला आहे. पण आधी मोकळेपणी बोलणं झालेलं असेल तर काचा फुटण्याची भीतीही कमी होते असं मला वाटतं. धोका आधी ठाऊक असलेला नातेवाईक प्रश्न विचारतो. ज्याला काहीच ठाऊक नव्हतं त्याला आपली फसवणूक झाली असं वाटतं.

आज बोलणं होतं कधी? पहाटे तीनला. ठोके कमी झालेत, बाई कळांनी पिळवटलेली, कागद इंग्रजीत, सही नवऱ्याची किंवा सासऱ्याची. ‘आई हवी की बाळ हवं’ असल्या भाषेत प्रश्न. त्या क्षणी कुणीही कशावरही सही करेल.

म्हणून सातवा महिना सरल्यावर, 32 ते 36 आठवड्यांच्या दरम्यान, एक वीस मिनिटांची भेट फक्त या विषयासाठी ठेवा. बाई असावी, तिच्या मर्जीचं एक माणूस असावं. बाळाचं वजन, तिची साखर, तिची उंची, आधीचं सिझर, अजून किती मुलं हवीत, घरापासून दवाखाना किती लांब, हे समोर ठेवून बोला. आधी एक सिझर झालेलं असेल तर ‘एकदा सिझर की कायम सिझर’ एवढ्यावर संपवू नका. रॉयल कॉलेजचे आकडे सांगतात की अशा चौघींतल्या तिघींची पुढची प्रसूती योनीमार्गे होऊ शकते आणि पिशवीचा व्रण उसवण्याचा धोका सुमारे दोनशेत एक असतो. तो उसवला तर मिनिटांत सिझर करता येईल अशीच जागा लागते. तुमच्याकडे ती सोय नसेल तर तेही मोकळेपणी सांगा. बाई जिल्ह्याच्या ठिकाणी जाईल. यात कमीपणा कसला?

तुमच्या दवाखान्याचे आकडेही सांगा. नुसतं ‘इतके सिझर’ नको. तुमच्याकडे आलेल्या शंभर पहिलटकरणींपैकी किती जणींची प्रसूती आपली आपण झाली, कितींना कप किंवा चिमटा लागला, कितींचं मध्येच सिझर करावं लागलं, कितींची जखम खोलवर गेली. बाळंतिणींना दहा गटांत वाटून गटवार सिझरचं प्रमाण मोजायची रॉब्सन यांची पद्धत तुमच्या हाताशी आहेच. तिने मोजलं तर अवघड केसेस घेणाऱ्या डॉक्टरवर अन्याय होत नाही. 2017 मध्ये केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेने आपल्या यादीतल्या रुग्णालयांना नॉर्मल आणि सिझरचं प्रमाण फलकावर लावायला सांगितलं होतं. त्या फलकात आईच्या जखमांचा रकाना नव्हता.

प्रसूतीच्या खोलीबद्दल दोन-तीन गोष्टी, कारण योनीमार्गे प्रसूतीचे धोके दगडावरची रेघ नाहीत. ते कमी करता येतात. बाळ लवकर यावं म्हणून पोटावर कोपराने दाब देणं थांबवा. माझ्याकडे येणाऱ्या बायकांना ती वेदना कळांपेक्षा जास्त आठवते, आणि जागतिक आरोग्य संघटनेने तसं करू नका असं 2018 मध्येच सांगितलं आहे. प्रत्येक पहिलटकरणीला योनीमार्ग रुंद करण्यासाठी सरसकट काप घेऊ नका. डोकं दिसू लागल्यावर गरम पाण्याच्या घड्या ठेवणं, ही बिनखर्चाची गोष्ट खोल जखमा कमी करते. पिशवीचं तोंड पाच सेंटिमीटर उघडण्याआधी ‘पुढे सरकत नाही’ असा शेरा मारू नका. रक्तस्राव डोळ्यांच्या अंदाजाने न मोजता खुणा असलेल्या पिशवीत मोजा; 2023 साली आफ्रिकेतल्या चार देशांतल्या चाचणीत असं मोजून लगेच सगळे उपचार एकत्र सुरू केल्यावर गंभीर रक्तस्रावाचे परिणाम 60 टक्क्यांनी घटले. आणि सोबतीला एक बाई आत येऊ द्या. सरकारी दवाखान्यांसाठी केंद्राने 2016 मध्येच तशी मुभा दिली आहे. माझ्याच एका नात्यातल्या मुलीला एका मोठ्या रुग्णालयात अकरा तास एकटीने काढावे लागले, आई काचेच्या दाराबाहेर उभी. त्या मुलीला दुसरं मूल नको आहे.

प्रसूतीनंतर, टाके घालण्याआधी, गुदद्वारातून बोट घालून स्नायू शाबूत आहे का ते तपासा, प्रत्येक वेळी. जखम कितव्या श्रेणीची होती ते कार्डावर लिहा आणि बाईला सांगा. खोल जखम वेळीच ओळखून नीट शिवली तर 60 ते 80 टक्के बायकांना वर्षाअखेर काही त्रास उरत नाही. न ओळखलेली जखम चार-चार वर्षांनी माझ्याकडे येते, आणि तेव्हा माझ्या व्यायामांना मर्यादा पडतात. सहाव्या आठवड्याच्या भेटीत बाळाचं वजन झालं, लसीकरण झालं, तांबी बसवायची का हे विचारून झालं, की आणखी चार प्रश्न विचारा: लघवी गळते का, वायू-शौच रोखता येतं का, खाली काही उतरल्यासारखं वाटतं का, संबंध ठेवताना दुखतं का? बाई आपणहून सांगणार नाही. सासू शेजारी बसलेली असते.

माझ्या बाजूने मी एवढं करू शकते. दोन्ही वाटांचे फायदे-धोके सांगणारा एक पानी मराठी मसुदा मी केला आहे. त्यातल्या वैद्यकीय चुका तुम्ही काढा, भाषा आम्ही बायका बघू. ज्या डॉक्टरांची तयारी असेल त्यांच्या ओपीडीत आठवड्यातली एक दुपार मी विनामोबदला बसेन, गर्भवतींना ओटीपोटाच्या स्नायूंचे व्यायाम सातव्या महिन्यापासूनच शिकवेन आणि सहाव्या आठवड्याला आलेल्या प्रत्येक बाळंतिणीला तपासेन. जिल्ह्यातल्या माझ्या आणखी काही सहकारी याला तयार आहेत. गुरुवार किंवा शनिवार, तुम्हाला सोयीचा असेल तो वार सांगा.

आपली,
सातारा जिल्ह्यातली एक फिजिओथेरपिस्ट